क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर लक्झरी हॉटेल: पोर्टलवरून बुक करू की ट्रान्सफर?

उशिरा_उठणारा
मंडळी, जरा मदत हवीय. चार वर्षं घरचा सगळा खर्च एकाच कार्डावर टाकतोय, बिल दर महिन्याला पूर्ण भरतो, त्यामुळे पॉइंटांकडे कधी बघितलंच नव्हतं, परवा सहज अ‍ॅप उघडलं तर १ लाख ८० हजार पॉइंट! लग्नाला १० वर्षं होतायत, बायकोला सरप्राइज म्हणून एखाद्या भारी रिसॉर्टमध्ये तीन रात्री न्यायचा विचार आहे. बँकेच्या पोर्टलवर हॉटेल थेट पॉइंटांनी बुक होतं, एका रात्रीला ६० हजार, म्हणजे तीन रात्रींत खातं रिकामं. दुसरा ऑप्शन म्हणजे मॅरियट, हिल्टन वगैरे हॉटेल चेनकडे पॉइंट ट्रान्सफर करायचे. यात नेमका फरक काय पडतो? की सरळ कॅशबॅक घेऊन मोकळा होऊ?

गणिती_गोगलगाय
आधी त्याच हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर मेंबर म्हणून लॉगिन करा आणि त्याच तारखांना पॉइंटांचा रेट बघा. समजा तिथे रात्रीला ४० हजार लागतायत आणि बँकेचा रेशो १:१ आहे (बँकेच्या एका पॉइंटाला हॉटेलचा एक), तर तीन रात्री १ लाख २० हजारांत होतात, ६० हजार हातात राहतात. पण रेशो २:१ असेल तर तीच रात्र तुम्हाला बँकेचे ८० हजार पॉइंट पडणार, मग पोर्टलच बरं. लोक रेशो बघतच नाहीत, नुसता ४० हजारांचा आकडा बघून उड्या मारतात.

आता पॉइंटाची किंमत कशी काढायची, तर रोख भाडं टॅक्ससकट घ्या, पॉइंट देऊनही जे खिशातून जाणार ते वजा करा, उरेल त्याला पॉइंटांनी भागा. आणि कॅशबॅकमध्ये एका पॉइंटाला जे मिळतंय त्याच्याशी ताडून बघा. हयात आणि हिल्टन पॉइंटांवरच्या मुक्कामाला रिसॉर्ट फी (भाड्याशिवाय रोजची जादा फी) लावत नाहीत, मॅरियटमध्ये मात्र जिथे ती फी आहे तिथे भरावी लागते, त्यामुळे "फुकट" रात्रीचंही बिल येऊ शकतं.

अजून एक. हयातकडे अजून हॉटेलच्या कॅटेगरीनुसार रात्रीच्या पॉइंटांचा ठरलेला तक्ता आहे, मॅरियटने तो २०२२ मध्ये काढला, त्यामुळे तिथे रोख भाडं चढलं की बहुतेक वेळा पॉइंटही चढतात. ॲकॉर या हॉटेल चेनचं तर सरळच, २००० पॉइंट म्हणजे ४० युरो, हॉटेल साधं असो की महागडं. तिथे डोकं चालवून जास्त काही काढता येत नाही पण फसगतही होत नाही.

खिडकीची_सीट
वरचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट ठळक अक्षरात लिहून ठेवा: रूम दिसल्याशिवाय ट्रान्सफर करू नका. मी केलेला शहाणपणा सांगते. ट्रान्सफरवर जादा पॉइंटांची ऑफर होती, ती संपायला एक दिवस, म्हणून घाईघाईत सगळे पॉइंट एका हॉटेल चेनकडे पाठवले, म्हटलं रूम काय, मिळेलच. बघितलं तर आम्हाला हव्या त्या आठवड्यात पॉइंटांवर एकही स्टँडर्ड रूम नाही, रोखीने मात्र पाहिजे तेवढ्या! बँकेला फोन केला तर म्हणे एकदा गेलेले पॉइंट परत येत नाहीत. दीड वर्ष तिथे पडून होते. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये २४ महिने काहीच हालचाल नसेल तर पॉइंट मरतात, म्हणून मग नको असलेल्या ठिकाणी एक रात्र काढून आलो. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला.

ट्रान्सफर लगेच होतोच असंही नाही, काही बँकांना दोन-तीन दिवस लागतात आणि तेवढ्यात रूम जाऊ शकते.

मधलं_बोट
मला हा पॉइंटांचा खेळ कधी पटला नाही. एका महिन्याचं बिल थकलं तरी व्याजात वर्षाचे पॉइंट धुऊन निघतात. आणि पॉइंट मिळतायत म्हणून गरज नसलेला खर्च करणारे माझ्या ऑफिसातच चार जण आहेत. तुम्ही पूर्ण बिल भरताय म्हणून ठीक.

गणिती_गोगलगाय
@मधलं_बोट त्याबद्दल वादच नाही, पण त्यांचे पॉइंट तर जमलेलेच आहेत, आता वापरायचे कसे एवढाच प्रश्न.

@उशिरा_उठणारा तीनच्या जागी पाच रात्री जमतील का? मॅरियटमध्ये सलग पाच रात्री पॉइंटांवर घेतल्या तर सगळ्यात कमी पॉइंटांची रात्र फुकट. हिल्टनमध्येही पाचवी फुकट, पण मेंबरशिपचं सिल्व्हर किंवा वरचं स्टेटस हवं. ४० हजारांच्या हिशोबाने पाच रात्री १ लाख ६० हजारांत. कॅन्सलेशनची अट मात्र नीट वाचा, रिसॉर्टवाले कधीकधी काही आठवडे आधीची मुदत ठेवतात.

खिडकीची_सीट
आणि पोर्टलवरून गेलात तर हॉटेलच्या दृष्टीने तुम्ही बाहेरच्या एजंटकडून आलेले, मेंबरशिपचे फायदे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. अपवाद म्हणजे अमेक्सच्या (अमेरिकन एक्सप्रेस) फाइन हॉटेल्स अँड रिसॉर्ट्स योजनेसारखं काही तुमच्या कार्डावर असेल तर, त्यात दोघांचा नाश्ता आणि दुपारी ४ पर्यंत चेकआउट मिळतं. तुमच्या नावाकडे बघता ४ चं चेकआउट लागेलच :)

उशिरा_उठणारा
हाहा, वर्मावर बोट! आत्ताच बघितलं, रेशो १:१ आहे, रात्रीला ४० हजारच. आमच्या तारखांना सलग पाच नाहीत, पण एक आठवडा पुढे ढकललं तर दिसतायत. ट्रान्सफर अजून केलेला नाही, आज रात्री बायकोला सुट्टी मिळते का विचारतो, मग करतो.

मधलं_बोट
सरप्राइज होतं ना हो ते?