विषय: शोभायात्रेची बुलेट सुरू होत नाही, शनिवारच्या आत मार्ग हवा

प्रेषक: शोभायात्रेची जबाबदारी असलेला, मिसिसागा, कॅनडा

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

शनिवारी यात्रेच्या अग्रभागी राहणारी बुलेट कालपासून सुरू होत नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती गॅरेजमध्ये झाकून ठेवली, त्याच दिवशी बॅटरी काढून घरात आणली आणि हिवाळाभर दर महिन्याला चार्ज केली. त्यामुळे या वर्षी अडचण येणार नाही अशी माझी खात्री होती. हेडलाइट स्वच्छ पेटतो, हॉर्न खणखणीत वाजतो, सेल्फ मारला की इंजिन फिरते, पण पकडत नाही. डीकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडण्याचा) खटका दाबून आणि अँपिअरचा काटा मध्यावर आणून पंचवीसेक किकाही मारल्या. सायलेन्सरमधून एकदाच फट् असा आवाज आला, नंतर काही नाही. किल स्विच (हँडलवरचे इंजिन बंद करण्याचे बटण) पाहिलेला आहे, तो कृपया सुचवू नये. दोन्ही मुलींनी नऊवारी नेसून, गुढी धरून उभ्या गाडीवर सराव केला आहे. त्यांना नाही म्हणण्याची वेळ माझ्यावर येऊ नये.

प्रेषक: ओकव्हिलचे काका

बॅटरी चार्ज केली म्हणजे ती चांगली आहे असे सिद्ध होत नाही. नुसती ठेवलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ दाखवते आणि सेल्फचा भार पडताच कोसळते. मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांना लावून सेल्फ मारा. आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी बदलावी, पुढे काही शोधण्यात अर्थ नाही. माझ्या स्कूटरची बॅटरी एका जानेवारीत गॅरेजमध्येच राहिली आणि पार उतरली. उतरलेल्या बॅटरीतले आम्ल जवळजवळ पाण्यासारखेच गोठते, तसे ते गोठले आणि बॅटरीची बाजू फुगून तडकली. गोठलेली बॅटरी कोणीही चार्जरला लावू नये, ती फुटू शकते, हे या निमित्ताने सर्वांना कळकळीने सांगतो.

प्रेषक: ब्रॅम्प्टनच्या काकू

काका, आपली गोठलेल्या बॅटरीची सूचना मोलाची आहे, पण यांची बॅटरी हिवाळाभर घरात होती आणि इंजिन फिरते आहे. माझ्या वडिलांचे कोल्हापुरात गॅरेज होते. गाडी आली की ते आधी स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारा) काढायला लावत आणि मगच बोलत. इतक्या किका मारल्यावर प्लग ओला निघाला तर पेट्रोल पोहोचते आहे, मग स्पार्क तपासावा. कोरडा निघाला तर पेट्रोलच पोहोचत नाही. माझा अंदाज कोरडा निघेल असाच आहे. गाडी ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) रिकामा केला होता का, हे आपण लिहिलेले नाही. कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीत उरलेले पेट्रोल चार-पाच महिन्यांत उडत जाते आणि मागे चिकट राळ ठेवते. पायलट जेटचे (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या छोट्या पितळी नळीचे) छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते आणि सुरू होताना इंजिनाची भिस्त त्या वाटेवर असते. ते बुजले असेल तर सेल्फ कितीही मारा, उपयोग नाही.

प्रेषक: वाहन व्यवस्था, स्कार्बरो

यात्रेतील वाहनांची पाहणी आजवर आमच्याकडे होती. ती या वर्षी परस्पर शोभायात्रेकडे गेली, याची नोंद व्हावी. पाहणी आमच्याकडे असती तर ऑक्टोबरातच टाकी रिकामी करून घेतली असती. इथल्या साध्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असते आणि ते हवेतली ओल ओढून घेते. नाशिकला माझे धाकटे बंधू २० टक्क्यांच्या पेट्रोलविषयी हेच सांगतात, की जुनी गाडी महिनाभर उभी राहिली तरी त्यांना धास्ती वाटते.

प्रेषक: मिल्टन

टाकी रिकामी करण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. लोखंडी टाकी रिकामी ठेवली की आतल्या हवेतले पाणी थंडीत पत्र्यावर धरते आणि वसंतात गंजाची पूड निघते. मी स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारे रसायन) घालून टाकी काठोकाठ भरतो, दहा मिनिटे इंजिन चालवतो आणि मगच झाकतो. सात हिवाळे झाले, टाकीत गंजाचा ठिपका नाही.

प्रेषक: ब्रॅम्प्टनच्या काकू

टाकी भरलेली ठेवावी आणि कार्ब्युरेटर रिकामा ठेवावा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांत भांडण नाही. पाहणी कोणाची हा प्रश्न वार्षिक सभेत घेऊ, आज गाडी सुरू होऊ द्या. मिसिसागाकरांना विनंती, की कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून आतले पेट्रोल काचेच्या बरणीत घ्यावे आणि उजेडात पाहावे. जेट साफ करताना सुई किंवा टाचणी घालू नये. पितळ मऊ असते, छिद्र मोठे झाले तर जेट कायमचे बिघडते. क्लीनरचा फवारा मारावा, अडलेच तर वायरमधली तांब्याची एकच बारीक तार फिरवावी. आणि गॅरेजचे दार उघडे ठेवूनच हे सर्व करावे, गॅसच्या ज्योतीवर चालणारा पाण्याचा हीटर त्याच खोलीत असेल तर गाडी बाहेर ढकलून न्यावी.

प्रेषक: मिसिसागा

सर्वांचे मनापासून आभार. काकांच्या सूचनेप्रमाणे प्रथम मीटर लावला, सेल्फ मारताना आकडा १०.८ वर टिकला. प्लग कोरडा ठणठणीत निघाला, इंजिनाला टेकवून किक मारली तर निळी ठिणगी स्पष्ट दिसली. बरणीतले पेट्रोल काळ्या चहाच्या रंगाचे होते, वास व्हार्निशसारखा, आणि तळाशी पाण्याचा वाटाण्याएवढा गोळा वेगळा फिरत होता. कॉक मी बंद केला होता, पण इंजिन चालवून वाटी रिकामी केली नव्हती. ही चूक माझी आहे. पायलट जेट डोळ्यासमोर धरले तर आरपार काहीच दिसेना. दोनदा फवारा मारून रात्रभर भिजत ठेवले, सकाळी तांब्याची तार फिरवली आणि त्या छिद्रातून खिडकीचा उजेड टाचणीच्या टोकाएवढा दिसला. जुने पेट्रोल उपसून ताजे घातले, चोक ओढला, आणि तिसऱ्या किकेला गाडीने पकडले. पहिली पाच मिनिटे ती अडखळत होती, नंतर ठोका एकसारखा बसला. शेजारचे गृहस्थ आवाज ऐकून बाहेर आले होते.

उपसलेले पेट्रोल नगरपालिकेच्या घातक कचरा केंद्रावर नेऊन देणार आहे. रस्त्यांवर बर्फासाठी टाकलेले मीठ अजून आहे, म्हणून गाडी चालवत न आणता ट्रेलरवर आणण्याचा विचार आहे. पट्टे आणि ट्रेलर वाहन व्यवस्थेकडेच आहेत, त्यामुळे शनिवारी सकाळी ७ वाजता स्कार्बरोहून कोण येऊ शकेल हे गुरुवारपर्यंत कळवावे, आणि गाडी चढवण्यापूर्वीची पाहणी त्यांनीच करावी अशी माझी विनंती आहे.

प्रेषक: वाहन व्यवस्था, स्कार्बरो

मी स्वतः येतो. पट्टे चार आहेत, पुढच्या चाकासाठी लाकडी ठोकळे आपण काढून ठेवावेत. ट्रेलरवर चढवताना पेट्रोलचा कॉक बंद असावा.