‘व्हर्बल’ म्हणजे तोंडी की शाब्दिक?

प्रश्न

एका कार्यालयीन नियमावलीचा मराठी अनुवाद करताना मी एका साध्या वाटणाऱ्या शब्दापाशी अडले आहे. मूळ मजकुरात ‘व्हर्बल वॉर्निंग’ असा शब्दप्रयोग आहे. मी ‘शाब्दिक ताकीद’ असे लिहिले होते. मजकूर तपासणाऱ्या सहकाऱ्यांनी ते खोडून ‘तोंडी ताकीद’ केले. ते मला पटले, म्हणून पुढच्या प्रकरणातील ‘नॉन-व्हर्बल’साठी मी ‘तोंडी नसलेला’ असे लिहिले आणि वाक्याचा अर्थच फिरला. तिथे विषय होता नजर, हातवारे आणि चेहऱ्यावरील भाव यांचा, पण माझ्या अनुवादाप्रमाणे लेखी पत्रसुद्धा त्यात बसू लागले. या शब्दाचा मूळ अर्थ कोणता, आणि ‘ओरल’ हा स्वतंत्र शब्द असताना त्याच्या जागी ‘व्हर्बल’ का वापरतात?

प्रतिसाद १

‘व्हर्बल’ हा शब्द लॅटिनमधील ‘व्हर्बम’पासून आला आहे आणि ‘व्हर्बम’ म्हणजे शब्द. ‘ओरल’च्या मुळाशी मात्र तोंड या अर्थाचा ‘ओस’ हा लॅटिन शब्द आहे. म्हणजे मुखापासून ‘मौखिक’ आणि शब्दापासून ‘शाब्दिक’ ही जी फोड आपल्याकडे आहे, तीच तिकडेही आहे. व्युत्पत्तीने पाहिले तर जे जे शब्दांत आहे ते सारे ‘व्हर्बल’, मग ते बोललेले असो वा लिहिलेले. जीआरई या परीक्षेतील ‘व्हर्बल रीझनिंग’ हा विभाग पाहावा: त्यात उतारे वाचायचे असतात, गाळलेल्या जागी योग्य शब्द निवडायचे असतात, पण तोंडाने एक अक्षरही उच्चारायचे नसते. आपल्या गणिताच्या पुस्तकातील ‘शाब्दिक उदाहरणे’ही छापलेलीच असतात, आणि तरीही त्या नावाविषयी कोणाला शंका येत नाही.

तरीसुद्धा ‘बोललेले, लेखी नसलेले’ हा ‘व्हर्बल’चा अर्थ चुकीचा ठरवता येणार नाही. तो इंग्रजीत काही शतकांपासून रूढ आहे आणि शब्दकोशांनी त्याला मान्यता दिलेली आहे. शुद्धतेचा आग्रह धरणारे काही लेखक त्याला अजून नाके मुरडतात. माझ्या मते तो आग्रह आता निरर्थक आहे.

अनुवाद करताना मी एकच गोष्ट पाहतो: त्या वाक्यात ‘व्हर्बल’च्या विरुद्ध बाजूला काय उभे आहे? समोर लेखी काही असेल, तर ‘तोंडी’. समोर हावभाव, चित्र किंवा आकडे असतील, तर ‘शाब्दिक’. समोर प्रत्यक्ष मारहाण असेल, तरीही ‘शाब्दिक’, कारण शिवीगाळ पत्रातूनही करता येते. व्याकरणाच्या पुस्तकात हा शब्द आला, तर तो बहुधा क्रियापदाविषयी असतो आणि तिथे ‘व्हर्बल नाउन’ला आपण ‘धातुसाधित नाम’ म्हणतो.

आपल्या सहकाऱ्यांची दुरुस्ती आणखी एका कारणाने योग्य आहे. मराठीत ‘शाब्दिक’ला ‘नुसते शब्दांपुरते’ अशी छटा चिकटली आहे. ‘शाब्दिक सहानुभूती’ म्हटले की ती पोकळ आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘शाब्दिक ताकीद’ वाचणाऱ्याला ती ताकीद मनावर घेण्याची गरजच नाही असे वाटू शकते.

प्रतिसाद २

मी परिचारिका आहे. आमच्या कामात ‘ओरल’ऐवजी ‘व्हर्बल’ वापरण्यामागे व्यावहारिक कारण आहे. रुग्णालयात ‘ओरल’ म्हणजे तोंडावाटे घ्यायचे औषध, त्यामुळे डॉक्टरांनी बोलून दिलेल्या सूचनेला ‘ओरल ऑर्डर’ म्हटले, तर सूचना तोंडी की औषध तोंडावाटे, असा घोळ होईल; म्हणून ‘व्हर्बल ऑर्डर’. ती ऐकताच लिहून घ्यायची आणि लिहिलेले डॉक्टरांना परत वाचून दाखवायचे, ही शिस्त आम्हाला पाळावी लागते. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ घाईत सारखेच ऐकू येतात, म्हणून आकडा ‘वन-फाइव्ह’ असा सुटा उच्चारून खात्री करून घेतली जाते. बोललेला शब्द हवेत विरतो, हे आम्हाला रोज जाणवते, त्यामुळे इथे ‘तोंडी सूचना’ हाच अनुवाद योग्य वाटतो.

प्रतिसाद ३

वरील प्रतिसादांत एका शब्दप्रयोगाची भर घालावीशी वाटते. न बोलणाऱ्या मुलांना सर्रास ‘नॉन-व्हर्बल’ म्हटले जाते आणि त्याचा अनुवाद ‘अशाब्दिक’ केला, तर त्या मुलांवर मोठा अन्याय होतो. मी अशा मुलांसोबत काम करते. पाटीवरील अक्षरांवर एकेक बोट ठेवत पूर्ण वाक्य जुळवणाऱ्या मुलीकडे शब्द नाहीत असे कोणत्या तोंडाने म्हणावे? तिच्याकडे उच्चार नाही, शब्द आहेत. याच कारणाने इंग्रजीत आता अनेक जण ‘नॉन-स्पीकिंग’ हा शब्द पसंत करतात. कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषांचेही तसेच आहे. विल्यम स्टोकी यांनी 1960 मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषेची रचना उलगडून दाखवली, तेव्हापासून अशा भाषांना स्वतःचे शब्द आणि व्याकरण असते हे भाषाशास्त्रात मान्य होत गेले. तो संवाद मौखिक नसतो, पण शाब्दिक निश्चितच असतो.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. ‘तोंडी ताकीद’ तशीच ठेवली आहे आणि ‘नॉन-व्हर्बल’च्या जागी ‘शब्दांवाचून होणारा संवाद’ असे केले आहे. त्याच नियमावलीत पुढे ‘व्हर्बल ॲब्यूज’ आले आहे. तिथे मी ‘तोंडी अपमान’ लिहून मोकळी झाले होते, म्हणजे संदेशातून किंवा ईमेलमधून केलेली शिवीगाळ माझ्या अनुवादाने नियमाबाहेर गेली असती. ते आजच ‘शाब्दिक दुर्वर्तन’ असे बदलले आहे.