एकांकिकेच्या संगीतासाठी मॉड्युलर सिंथ: लॅपटॉपवरच राहू की युरोरॅक घेऊ?

ढोकाळीचा_बाजा (ठाणे):
एकांकिकांना पार्श्वसंगीत करतो. मॉड्युलर सिंथ म्हणजे सुटे भाग (मॉड्युल) वायरींनी जोडून आवाज घडवायचं यंत्र; त्याची लॅपटॉपवरची नक्कल असलेल्या व्हीसीव्ही रॅकची फुकट आवृत्ती वापरतोय, आवाज आवडतात, पण माउसने नॉब फिरवून वीट आलाय. चाळीस हजार साठलेत. युरोरॅक, म्हणजे हाताने फिरवायची खरीखुरी मॉड्युलं, घ्यावं का? घरी अजून बोललेलो नाही.

विंगेतला (कोपरखैरणे):
घरी बोलू नकोस, आधी हे वाच.

मीही नाटकवालाच, आणि माझ्याकडे छोटं युरोरॅक आहे. चाळीस हजारांतले बरेचसे केस, पॉवर सप्लाय आणि कस्टममध्ये जातील. उरलेल्यात आवाज काढणारं फार थोडं येईल.

खरी अडचण वेगळी आहे. गडकरीला प्रयोग झाला, पुढचा वाशीच्या भावे नाट्यगृहात. मधल्या काळात तू दुसऱ्या नाटकासाठी वायरी उपटल्यास की तो आवाज गेला. फोनवर फोटो काढून ठेवतो आपण, पण नॉब केसभर इकडेतिकडे झाला तरी वेगळंच वाजतं. शिवाय अ‍ॅनालॉग ऑसिलेटर (सूर काढणारं मॉड्युल) तापेपर्यंत सूर सरकतो. स्पर्धेत सेट लावायला मोजकी मिनिटं, त्यात हे तापणार कधी? सोबत पेटी असेल तर विचारूच नकोस. लॅपटॉपवर फाइल उघडली की काम झालं.

आणि ‘हार्डवेअरचा आवाज उबदार’ हे सरसकट खरं नाही. व्हीसीव्ही रॅकमधलं रेझोनेटर (तार-घंटेसारखा घुमणारा आवाज देणारं) म्हणजे म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या रिंग्ज या हार्डवेअर मॉड्युलची नक्कल. ते मॉड्युल आतून डिजिटलच, कंपनीने कोड खुला ठेवला म्हणून तुला फुकट मिळतंय. तेवढ्यासाठी पैसे कशाला घालायचे?

तुझा वैताग माउसचा आहे ना? मग जुना मिडी कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपला जोडायचा नॉबवाला डबा, घे. रॅकमध्ये मिडी-मॅप नावाचं मॉड्युल आहे: त्यातल्या रिकाम्या ओळीवर क्लिक, मग पडद्यावरच्या नॉबवर क्लिक, मग हातातला नॉब फिरव. जोडलं गेलं.

घोडबंदर_नॉइज:
विंगेतल्याचं नाटकापुरतं पटतं. पण मी रात्री स्वतःसाठी वाजवतो, मला काही साठवायचंच नसतं. वायर उपटली की संपलं, त्यातच गंमत. लॅपटॉपवर दर पाच मिनिटांनी नवीन मॉड्युल डाउनलोड करत बसायचो, वाजवायचो कधी? १९६९ साली अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) मूग कंपनीचा सिंथ आला, तेव्हा त्या लोकांपुढे एकच सिंथ होता आणि त्यावर त्यांनी काय काय करून ठेवलंय. घेतलंसच तर एक लक्षात ठेव: मॉड्युलला पॉवर देणाऱ्या चपट्या वायरीची लाल कड उणे बारा व्होल्टच्या बाजूला. उलटी लागली तर मॉड्युल जळू शकतं.

विंगेतला:
साठवायचं नसेल तर तुझं बरोबर. बाजाला तिसऱ्या घंटेला तोच आवाज हवाय.

ढोकाळीचा_बाजा:
मिडी-मॅप आजच बघतो. आठ नॉबवाला जुना कंट्रोलर कुणाकडे धूळ खात पडलाय का? ठाणे ते पनवेल कुठेही येऊन नेईन. चाळीस हजार तूर्त बँकेतच.