‘वुई गॉट हिम’ मराठीत कसं म्हणायचं?

शेवंती
एका परदेशी माहितीपटाला मराठी आवाज द्यायचं काम चालू आहे, संहिता माझ्याकडे आलीय. त्यात १४ डिसेंबर २००३चा प्रसंग आहे. बगदादमधली पत्रकार परिषद, अमेरिकेने इराकवर नेमलेला प्रशासक पॉल ब्रेमर माईकपुढे येतो आणि म्हणतो ‘लेडीज अँड जंटलमन, वुई गॉट हिम’. इराकचा पदच्युत हुकूमशहा सद्दाम हुसेन पकडला गेल्याची ही घोषणा, पण त्या वाक्यात सद्दामचं नावसुद्धा नाही, तरी ‘कोण?’ असं कुणी विचारत नाही, समोर बसलेले इराकी पत्रकारच उठून ओरडायला लागतात, मुर्दाबादच्या घोषणा वगैरे. मी लिहिलं ‘सापडला!’ बस्स. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘त्यास जेरबंद करण्यात आले आहे’ असं केलं. त्यांचं म्हणणं, सापडते ती छत्री, किल्ली, हरवलेला चष्मा. माणूस ‘पकडला जातो’. आमच्याकडे तर चोर सापडायचेच की हो. काय करू?

पंतोजी
बाई चूक आहेत पण तुम्हीही बरोबर नाही. ‘सापडला’त कर्ता कुठे आहे? मूळ वाक्यात ‘आम्ही’ आहे आणि त्या ‘आम्ही’साठीच तर सगळा खटाटोप चालला होता. शिवाय जेरबंद हा फारसी शब्द, ‘बंदिवान केले’ असा स्वच्छ मराठी पर्याय असताना तो कशाला? आणि कृपा करून ‘बंदी बनवले’ लिहू नका, ते हिंदी आहे.

तिरकीट
पंतोजी, हुकूमशहा चालतो का मग? हुकूम अरबी, शहा फारसी. की ‘आज्ञाधिराज’ करायचं?

गावकार
आमच्या मालवणीत एका शब्दाचं काम. ‘गावलो!’ मासो गावता, हरवलेली म्हस गावता, चोर गावता, आणि चार महिने उधारी बुडवून फिरणारो माणूस तिठ्यार दिसलो की तोही गावता. त्यात ‘आता बघतंय तुका’ हे न सांगता येतं. ब्रेमरचा सूर नेमका तोच होता.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडे ‘भेटला’. भेटला ना बे! झालं भाषांतर.

पंतोजी
भेटतात ती माणसं, परस्परसंमतीने. सद्दाम काय चहाला भेटला?

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या बाजारात वांगे बी भेटतात आन् नोकरी बी भेटते. अर्धा महाराष्ट्र बोलतो तसं. तुमच्या दोन पेठांत नसल बोलत तर आमी काय करावं.

मोडीवाचक
भेटला-मिळालाचं भांडण इथे दर महिन्याला होतं, ते बाजूला ठेवू. जेरबंदबद्दल सांगतो कारण शब्द मजेशीर आहे. जेर म्हणजे खाली (जेर करणे, जेरीस आणणे त्यातलेच). जेरबंद म्हणजे घोड्याच्या तंगापासून (पोटाखालच्या पट्ट्यापासून) निघून पुढच्या पायांच्या मधून वर तोंडाकडे जाणारा पट्टा, घोड्याने मान उडवू नये म्हणून. म्हणजे पकडणं हा मूळ अर्थच नाही, मान खाली ठेवणं हा आहे. आता त्या दिवशी जगाने काय बघितलं ते आठवा. दाढी वाढलेला सद्दाम, हातमोजे घातलेला डॉक्टर त्याच्या केसांतून बोटं फिरवतोय, मग तोंड उघडायला लावून जीभ दाबून आत बॅटरी मारतोय. मान वर! जेरबंदच्या बरोब्बर उलट. (गाशा गुंडाळणेमधला गाशा पण घोड्याचाच, खोगिरावरचं कापड. पायउतार होणे हा पण घोड्यावरूनच आला असावा असं मला वाटतं, पुरावा मागू नये.)

तिरकीट
पुरावा मागतोच. पालखीतून पायउतार होत नाहीत का?

मीठभाकर
त्या चित्रफितीवरून आठवलं. व्हॅटिकनचे कार्डिनल रेनातो मार्तिनो म्हणाले होते की गाईचे दात तपासावेत तसे त्याचे दात तपासताना बघून मला त्याची कीव आली. त्यावर बरीच बोंबाबोंब झाली, हजारो माणसं मारणाऱ्याची कसली कीव म्हणून. पण मला तेव्हा पहिली आठवण आमच्या बैलबाजाराचीच आली होती. गिऱ्हाईक जबडा उचकटून बघतं, आदत (अजून दुधाचेच दात) आहे का दोन दाती का जुळलेला (सगळे दात आलेला), आणि विकणारा बाजूला उभा राहून दुसरीकडेच बघत असतो. ‘कीव’ आणि ‘दया’ यात फरक आहे का हो? कीव करताना माणूस जरा उंचावरून बघतो असं मला वाटतं.

मोडीवाचक
आहे. दया मागता येते. ‘माझी कीव करा’ असं सहसा कुणी म्हणत नाही.

आखातातला
मंडळी, आमच्या घरी कीवही नव्हती आणि दयाही. २ ऑगस्ट १९९०ला सद्दामने कुवेतवर हल्ला केला तेव्हा वडील तिथेच होते. सगळी कमाई तिथे टाकून इराकमार्गे जॉर्डन, अम्मानच्या विमानतळावर रांगा, मग एअर इंडियाचं विमान. त्या वेळी लाखाच्या वर भारतीय असेच परत आले, त्यात रत्नागिरी-रायगडकडचेही होते. वडलांनी १४ डिसेंबरला टीव्हीपुढे जो शब्द वापरला तो ‘वुई गॉट हिम’चं फार उत्तम भाषांतर आहे पण इथे टाइप करता येणार नाही. हवा तर व्यनि (खासगी निरोप) करतो.

शेवंती
करा करा 😄 पण आवाज देणारा माणूस तो म्हणणार नाही.

तिरकीट
मला वेगळाच प्रश्न पडलाय. इंग्रजीत ‘हिम’ म्हटलं की सुटले, मराठीत ‘त्याला’ की ‘त्यांना’? तो गादीवर होता तेव्हा आपल्या बातम्यांत ‘अध्यक्ष सद्दाम हुसेन यांनी इशारा दिला’ असं यायचं, २००३ला ‘सद्दाम बिळातून बाहेर’. दोन्हीच्या मध्ये कधीतरी एका दिवशी कुठल्यातरी उपसंपादकाने ‘यांनी’ काढून टाकलं असणार. कधी? ९ एप्रिलला बगदादच्या फिरदोस चौकात त्याचा पुतळा पाडला आणि लोकांनी त्याला जोडे मारले, तेव्हा? की आधीच? आणि नियम काय, खुर्ची गेली की अहोजाहो जातं? मग आपल्याकडच्या पडलेल्या मंत्र्यांना का नाही जात?

पंतोजी
नियम नाही, संस्कार असतो. शत्रूचाही उल्लेख आदराने करावा.

आखातातला
पंतोजी, अफजलखान यांनी वाईत तळ ठोकला, असं म्हणता का हो तुम्ही?

पंतोजी
तो वेगळा विषय आहे.

मीठभाकर
आदरावरून संसदेतला घोळ आठवतो का कुणाला? एप्रिल २००३, अमेरिकेच्या इराक हल्ल्यावर ठराव करायचा होता. विरोधकांना कडक शब्द हवा, सरकारला मवाळ हवा, इंग्रजीत जमेना. शेवटी हिंदी ‘निंदा’वर सगळ्यांचं जमलं. ज्याला जे ऐकायचं होतं ते त्याने ऐकलं आणि ठराव एकमताने पास. मराठीत हे जमलं नसतं कारण आपण निंदा पाठीमागे करतो, निंदानालस्ती, निंदकाचे घर असावे शेजारी वगैरे. राष्ट्राचा आपण निषेध करतो. शेजारणीची निंदा.

तिरकीट
शेजारणीचा निषेध पण करता येतो, आमच्या सोसायटीत फलकावर लावलाय.

शेवंती
लोकहो, अजून एक अडकलंय, पुढच्याच दृश्यात. बाईंनी निवेदनात टाकलंय ‘इराकभर एकच जल्लोष उसळला’. चित्रात मात्र बरंच काय काय आहे. किर्कुकमध्ये कुर्द लोक गाड्यांवर चढून नाचतायत, बगदादमध्ये हवेत गोळ्या, भोंगे, मिठाई उधळणं. मग तिक्रीत, त्याचं गाव, तिथे सगळं गप्प. आणि नंतर बगदादच्याच आधमियात त्याचे फोटो घेऊन लोक रस्त्यावर. एक म्हातारा तर म्हणतो पकडलं ते ठीक, पेट्रोलची रांग कधी संपणार. ‘एकच जल्लोष’ कसा लिहू?

मोडीवाचक
‘एकच’ इथे संख्यावाचक नाही हो, ‘एकच धांदल’सारखं आहे, प्रचंड या अर्थी. पण ऐकणाऱ्याला संख्या वाटणार हे खरं.

आखातातला
बायका जो जिभेने लुलुलुलु आवाज काढतात त्याला तिकडे जगारीद म्हणतात. लग्नातही तोच आणि त्या दिवशीही तोच. मराठीत शब्द?

गावकार
नाही. बंगाल्यांकडे उलू आहे. आपल्या बायका फार तर ओवाळतात, आरडाओरडा पुरुषांकडे.

पंतोजी
जल्लोष हा शब्दच वर्तमानपत्री आहे. ‘आनंदोत्सव’ म्हणा.

आखातातला
ज्यांची माणसं सामूहिक कबरीतून हाडं मोजून बाहेर काढली ते उत्सव नव्हते करत पंतोजी. इराकमधल्या कुर्दांच्या हलब्जात १९८८ला सद्दामच्या फौजेने सोडलेल्या विषारी वायूने एका दिवसात सुमारे पाच हजार माणसं गेली. सुड उगवल्याचा जो आनंद असतो त्याला तुमच्या स्वच्छ मराठीत शब्द आहे का सांगा.

तिरकीट
आसुरी आनंद?

आखातातला
बघा, म्हणजे असुर तेच झाले!

मीठभाकर
‘जिरली’. एका शब्दात. जिरली एकदाची. (सूड दीर्घ हो, सुड नव्हे.)

वऱ्हाडी_ठेचा
ते अमेरिकेचे जनरल ओडिएर्नो बोलले होते ना, उंदरासारखा पकडला म्हणून. मंग मराठीत सरळ ‘मुसक्या आवळल्या’ लिवा. मुसकं म्हंजे मळणीच्या टायमाला बैलाच्या तोंडाला बांधतात ते जाळं.

मोडीवाचक
मुसकं वेगळं, मुसक्या वेगळ्या. मुसक्या म्हणजे दोन्ही दंड पाठीमागे करकचून बांधणं, हिंदीत मुश्कें कसना म्हणतात तेच.

वऱ्हाडी_ठेचा
मंग तोंड बांधलेल्या बैलाले काय म्हणान? आमच्या आजीनं मुसक्याच म्हटलं जन्मभर. कोशवाल्यायनं आमच्या वावरात येऊन बघावं.

मोडीवाचक
आजीबद्दल आदर आहे. अनेकवचन एकसारखं झालं म्हणून मूळ एक होत नाही.

शेवंती
आणि ‘स्पायडर होल’, म्हणजे सद्दाम लपला होता तो खड्डा? बाईंनी भुयार केलंय. सैनिकांना तिक्रीतजवळच्या अद-दावरला शेतघराच्या अंगणात सापडलं ते: वर विटा-माती, खाली थर्माकोलचं झाकण, खड्डा सहा-आठ फूट खोल, आत एक माणूस आडवा होईल एवढी जागा, हवेसाठी नळी आणि पंखा. शेजारच्या झोपडीत साडेसात लाख डॉलर रोख.

तिरकीट
भुयार नाहीच. भुयाराला दुसरं टोक लागतं. असतं तर सापडला असता का?

गावकार
कोळ्याचं बीळ म्हणा.

पंतोजी
विवर.

तिरकीट
विवर चंद्रावर असतं.

हरिपूरकर
उशिरा आलो पण हा प्रश्न आमचाच आहे. त्याला पेव म्हणायचं. आमच्याकडे सांगलीशेजारी हरिपुरात हळदीची पेवं आहेत. तोंड अरुंद, जेमतेम माणूस उतरेल एवढं, आत पोट मोठं, वरून झाकण घालून मातीने लिंपलं की वरून चालणाऱ्याला पत्ता लागत नाही. हळद वर्षानुवर्षं टिकते. पण पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नाही, आतली हवा खराब झालेली असते, तोंड उघडं ठेवायचं, कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. सद्दामला पंखा आणि नळी का लागली ते आमच्या हमालांनी सांगितलं असतं. २००५च्या पुरात बरीच पेवं गेली, आता लोक शीतगृहात ठेवतात.

शेवंती
पेव फुटणे त्यातलंच का?

हरिपूरकर
त्यातलंच. पण आता लोकांना फक्त फुटलेलंच माहिती.

मीठभाकर
आमच्याकडे याला बळद म्हणतात.

हरिपूरकर
अजिबात नाही. बळद घरात असतं, भिंतीत नाहीतर जमिनीत. पेव उघड्यावर, गावाबाहेर.

मीठभाकर
आमच्या वाड्यात माजघराखाली होतं, जमिनीतच, वरून फरशी. त्याला आजोबा पेव पण म्हणायचे आणि बळद पण, वरच्या धान्याला बळद आणि खाली लपवलेल्याला पेव असं काहीतरी असावं.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडं दोनी नाही, कणगी. थे जमिनीवर.

हरिपूरकर
कणगीत सद्दाम मावला नसता. मीठभाकर, तुमच्या बळदाचं तोंड वरून होतं की बाजूने, तेवढं सांगा. बाजूने असेल तर ते पेव नव्हेच.