बाळंतपणाची रजा आणि माझ्या मोबाईलवर येणारा ओटीपी

शिल्पा_भोसरी
भोसरी एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात अकाउंट्स बघते. तीस-बत्तीस माणसं, भागीदारी फर्म, मालक दोघे भाऊ. अकाउंट्स म्हणजे मी एकटी. टॅली, पगार, टीडीएस, पीएफ, जीएसटी, ई-वे बिलं (माल वाहतुकीचे ऑनलाइन परवाने), वर चहावाल्याचा हिशोबही माझ्याकडेच. डॉक्टरांनी तारीख दिलीय सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली. नेमका टॅक्स ऑडिटचा महिना, ३० सप्टेंबर ही त्याची शेवटची तारीख! सासूबाई म्हणाल्या, बाळाला काय कळतंय तुमची ३० तारीख.

ऑगस्टअखेर माहेरी मिरजेला जायचंय. मालक वाईट नाहीत. रजा आणि पगार दोन्ही द्यायला तयार आहेत. फक्त "लॅपटॉप घेऊन जा, ओटीपी सांग, घरून तेवढं फायलिंग बघून घे" एवढंच म्हणतात. तेवढं म्हणजे ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), १५ ला पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा), २० ला ३बी (जीएसटीचं मासिक विवरण). मग महिन्यातला माझा आठवडा कुठला?

जीएसटी पोर्टलवर नंबर माझा आहे, कारण धाकट्या मालकांना ओटीपीची कटकट नको होती. माझ्या जागी त्यांचा भाचा बसणार आहे, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. पोरगा हुशार आहे, पण २बीशी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीशी, खरेदी जुळवायची म्हटलं की घाम फुटतो त्याला.

नाही म्हटलं तर परत आल्यावर माझी खुर्ची माझी राहील का, ही धास्ती आहे. काम सोपवायचं कसं, आणि नाही म्हणायचं कसं?

अनघा_वकील
शिल्पा, आधी अभिनंदन! पहिलं-दुसरं मूल असेल तर २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त आठ प्रसूतीच्या आधी. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे तर मालकाने बाईकडून काम करून घ्यायचंच नाही, तिची तयारी असली तरी. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात हे होतं, सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. आज्जीचा सव्वा महिना आणि सरकारचे सहा आठवडे, दोघांचा हिशोब जवळपास एकच.

आता तुझ्या कामाची गोष्ट. रजेची जी लेखी नोटीस तू देशील, तिच्यात या काळात कुठल्याही आस्थापनेत काम करणार नाही असं लिहून द्यावं लागतं. मंजूर रजेत काम केलंस तर तेवढ्या काळाच्या लाभावरचा, म्हणजे रजेतल्या पगारावरचा, हक्क जातो. म्हणजे "घरून तेवढं" ही मेहेरबानी उद्या तुझ्याच अंगाशी येऊ शकते. मालकांना हेच सांग, "कायद्याने मला करता येत नाही." भांडण नाही, काही नाही.

खुर्चीचं म्हणशील तर रजेत काढून टाकणं किंवा तुझ्या तोट्याच्या अटी घालणं, दोन्ही बेकायदा. रजा संपल्यावर दोघांच्या संमतीने घरून काम ठरवता येतं. तो विषय तेव्हाचा.

छोटा_कारखानदार
मालकाच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवं. ताईंचा पगार २१ हजारांच्या वर असेल तर ईएसआयसी लागू नाही, म्हणजे सहा महिन्यांचा पगार पूर्ण मालकाच्या खिशातून, शिवाय बदलीच्या माणसाचा वेगळा. लहान वर्कशॉपला हे जड जातं. सरकारने यातला थोडा भार उचलायला हवा. पण खरं सांगू? एकाच माणसाच्या मोबाईलवर अख्खी फर्म चालवणं हा मालकाचाच आळस. उद्या तो मोबाईल हरवला तर?

जमाखर्च_काका
मी तीस वर्षं हेच केलं, म्हणून सांगतो. काम समजावण्याआधी चाव्या सोड. जीएसटी पोर्टलवर ऑथोराइज्ड सिग्नेटरी (फर्मच्या वतीने सही करणारे) मोठे मालक असूदेत, नंबर-ईमेल त्यांचाच. हा नॉन-कोअर, म्हणजे किरकोळ बदल आहे, ऑफिसरकडे फेऱ्या माराव्या लागत नाहीत. ई-वे बिलाला भाच्याच्या नावाने सब-युजर काढ. टीडीएसचं पोर्टल, पीएफ, बँक, जिथे जिथे तुझा नंबर असेल तिथून काढ. नंबर तुझा राहिला तर बाळंतिणीच्या खोलीत फोन वाजणारच, मग कायदा काहीही म्हणो.

मग जूनपासून भाच्याला शेजारी बसवू नकोस, तुझ्या खुर्चीत बसव. जुलैचं ३बी त्याने भरायचं, तू फक्त बघायचं. चुकेल, चुकूदे. तू समोर असताना चुकलेलं स्वस्तात निस्तरतं. ऑडिटचं म्हणशील तर मार्च संपून कधीच झालाय, सप्टेंबरची वाट कशाला? लेजर, स्टॉक, येणं-देणं जुळवून जुलैतच सीएच्या टेबलावर ठेव. सीए मंडळी कुरकुरतील, आधी फाईल आलेली त्यांना सोसत नाही.

शिल्पा_भोसरी
अनघाताई, काका, खूप आभार. आज मोठ्या मालकांशी बोलले. "कायद्याने करता येत नाही" हे वाक्य तसंच्या तसं वापरलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग भाच्याला हाक मारली. नंबर बदलायचा अर्ज उद्या टाकतेय. धाकट्यांचं तोंड फुगलंय, ते फुगूदे.

रजेची नोटीस मराठीत लिहिली तर चालेल ना, अनघाताई? आणि काका, पुरवठादाराने उशिरा भरल्यामुळे २बीत न दिसणारी बिलं वेगळी ठेवायला एखादी साधी एक्सेल शीट असेल तर टाका. भाच्याची गाडी तिथेच अडतेय.