खाडीचं पाणी 'मुक्त' की 'मोकळं'?

खाडीकाठ
माणूस, निसर्ग आणि स्वातंत्र्य यांवरच्या एका इंग्रजी निबंधाचा अनुवाद करतेय. निबंध फिरतो गोव्यातल्या खाजन शेतीभोवती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या भातशेतीभोवती. ओहोटीला बांधातलं दार उघडतं तिथे मी लिहिलं, 'पाणी मुक्त झाले.' तपासणाऱ्यांनी ते खोडून 'मोकळे झाले' केलं आणि बाजूला शेरा मारला: मुक्ती माणसाला, पाण्याला नव्हे. पटतं का? आणि दाराला 'जलद्वार' लिहू की 'मानस'?

बांधावरून
मुळात ते पाणी दोन्हीपैकी काहीच होत नाही. भरती चढली की बाहेरचं पाणी मानशीच्या फळ्यांवर दाब देतं आणि दार आपसूक मिटतं. ओहोटीला आतली पातळी वर राहते, मग आतलंच पाणी दार ढकलून बाहेर पडतं. दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या, वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे. माणसाचा हात लागतो तो मासळीसाठी. भरतीला दार उघडं धरून ठेवायचं, खारं पाणी आत घ्यायचं आणि ओहोटीला तोंडाशी जाळं लावायचं, की सुंगटां, शेवटे, काळुंद्रे सापडतात. म्हणून आमच्याकडे क्रियापद एकच: पाणी सोडलं. सोडणारा कोणीतरी असतो. 'मुक्त' म्हटलं की तो गायब.

शुद्धमती
क्रियापद मान्य. पण 'मानस' वाचून पुण्याच्या वाचकाला मन आठवेल, सरोवर आठवेल. 'जलद्वार' काय वाईट? स्वच्छ, अर्थवाही.

बांधावरून
अर्थवाही खरा, पण दिवाडी किंवा चोडण बेटावरच्या बांधावर जाऊन 'जलद्वार' विचारा, कोणी दाखवणार नाही. पहिल्यांदा येईल तिथे 'मानस, म्हणजे बांधातलं पाणी आत-बाहेर करणारं लाकडी दार' एवढं लिहा आणि पुढे चला. बांध, पोय (मानशीच्या आतलं खोलगट पाणी), कोरगुट (खाजनातलं भात) हेही तसेच ठेवा.

तिसवाडीकर
तपासणाऱ्यांचा शेरा काही पटला नाही. १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला तो गोवा, म्हणजे मुलूख. दिवस 'मुक्ती दिन', लढा 'मुक्तिसंग्राम', पण लढणारे मात्र 'स्वातंत्र्यसैनिक'. 'मुक्तिसैनिक' त्या मानाने क्वचित. मुलखाला मुक्ती चालते तर खाडीला का नको?

शुद्धमती
कारण मुक्तीला बंधन लागतं आणि बांधणारा लागतो. मुलखावर पोर्तुगीज होते. पाण्याला कोण बांधतं?

बांधावरून
पूर्वी गांवकरी, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, बांधायची; आता कुळांची संघटना बांधते की! चिखल, पेंढा, बाहेरच्या अंगाला चिरे. कुर्ल्यांनी बिळं केली आणि वेळेवर बुजवली नाहीत, तर उधाणाच्या भरतीला तिथेच खांड पडते.

ओवीप्रेमी
दोन्ही शब्द एकाच घरचे. संस्कृत 'मुक्त', प्राकृत 'मुक्क', त्यावरून 'मुक्कल', आणि तेच आपलं 'मोकळं'. थोरला देवळात जाऊन बसला: सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता. धाकटा घरात राबतो: मोकळे केस, मोकळा वेळ, मोकळं बोलणं, बाळंतीण मोकळी झाली. अनुवादात धाकट्यालाच घ्या. 'मानस' मात्र 'माणूस'वरून आला असेल असं मला वाटतं. दारावर माणूस बसतो ना.

तिसवाडीकर
ओवीबाब, ध्वनी जुळला म्हणून नातं लावू नका.

ओवीप्रेमी
मग तुम्ही दुसरं लावून दाखवा.

खाडीकाठ
निबंधात पुढचं वाक्य असं आहे की दार कायम उघडं ठेवणं हेच निसर्गाचं खरं स्वातंत्र्य. तिथे 'मोकळं' घातलं तर जोर जातो.

बांधावरून
जोर राहू दे, बाय, पण वाक्य खोटं आहे. खरीपात दार उघडं राहिलं तर खारं पाणी शेतात चढतं. कोरगुट खारटपणा सोसतं, पण त्यालाही हद्द आहे, मग लोंब्या पोचट निघतात. जूनच्या पहिल्या पावसांनी मातीतलं मीठ धुऊन जायला हवं, तेव्हाच पेरणी होते. शिवाय उघड्या तोंडातून पाणी जोरात वाहिलं की मानशीखालचा चिखल खरवडला जातो आणि बांधकाम पोकळ होतं. मासळीच्या लोभाने दार जास्त वेळ उघडं ठेवतात तिथे हेच होतं. याला फार तर 'मोकाट' म्हणा.

शुद्धमती
लेखक चूक असला तरी अनुवादकाने त्याचं वाक्य दुरुस्त करायचं नसतं. 'मुक्त'च ठेवा.

तिसवाडीकर
आणि खाली तळटीप?

शुद्धमती
तळटीप चालेल. 'जलद्वार'ला नको, 'मुक्त'ला द्या.

ओवीप्रेमी
'मोकाट'चं मूळ कोणाला माहीत आहे?

बांधावरून
ते राहू दे. 'पोय' स्त्रीलिंगी लिहायचं की नपुंसकलिंगी, ते आधी सांगा.