उत्तर: परसातला कमळाचा हौद गळतोय
सगळं प्लास्टर फोडून वॉटरप्रूफिंग करा, हा वरचा सल्ला मला घाईचा वाटतो. खरंच गळतंय की उन्हाने आटतंय, ते आधी बघा. हौदात विटांवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, काठ वर राहील अशी. आतल्या आणि बाहेरच्या पातळीला मार्करने खूण करा, कारंजं बंद ठेवा नि २४ तासांनी बघा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर गळती नाही.

आमच्याकडे बादलीत जेमतेम अर्धं पेर उतरलं, हौदात चार बोटं. मग मासे टपात काढले आणि पाणी न भरता हौद तसाच सोडला. तिसऱ्या दिवशी पातळी थांबली ती बरोबर कारंज्याचा पाइप भिंतीत शिरतो तिथे. पाइपभोवतीचं सिमेंट सुटून नख जाईल एवढी फट पडली होती. (गवंडी तळ फोडायला निघाला होता!) जागा कोरडी करून, खरवडून एम-सील भरलं, भागलं. सिमेंटच लावणार असाल तर मासे लगेच सोडू नका. त्यातल्या चुन्याने पाणी अल्कधर्मी होतं. दोन-तीनदा हौद भरून उपसा, मगच सोडा.